टाच टेकेपर्यंत

“टाच टेकते का बघा, वैनी,” नेमू म्हणाला.

मी गाडीवर बसले होते. पुढचं हँडल नेमूनं धरलं होतं आणि मागं मामा उभे होते. मामा म्हणजे माझे सासरे. मी पाय ताणून बघितला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं जमिनीला लागली. टाच अधांतरीच राहिली.

“बोटं टेकतात,” मी म्हणाले.

“बोटांवर गाडी पेलत नसती.” नेमूनं वाकून माझी टाच आणि जमीन यांच्यामधे आपला हात आडवा घातला. पंजा सहज मावला. हात तसाच ठेवून त्यानं मामांकडं वर बघितलं. “एवढी उतरवाय लागंल, तात्या.”

“उतरव,” मामा म्हणाले.

नेमू उठला, हात पँटला पुसला, पण पाना काही उचलेना. गाडीभोवती एक चक्कर मारून तो मागच्या चाकापाशी थांबला. चाकाच्या दोन्ही अंगांना स्प्रिंग गुंडाळलेले दोन दांडे असतात, त्यांना गॅरेजवाले शॉकअप म्हणतात. आमच्या गाडीचे शॉकअप नेहमीच्या गाडीपेक्षा उंच होते. ते नेमूनंच कुठनं तरी शोधून आणून बसवले होते, माझ्या नवऱ्यासाठी.

“तात्या, एक इचारू?”

“इचार.”

“भैरू आला म्हंजे?”

मामा वळले. गॅरेजच्या दारात एक जुना टायर पडला होता, त्यावर जाऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“तू काम कर, नेमिनाथ,” ते म्हणाले.

भैरू माझा नवरा. तिकडं गावात असताना मी त्यांना ‘हे’ म्हणायची. आता इतक्या वर्षांनी सांगताना नावानंच सांगते, म्हणजे ऐकणाऱ्याला सोपं जाईल. उंचीला तो ताडासारखा होता. आमच्या घराच्या चौकटीतून वाकून आत यायचा, आणि वाकायचं विसरला की कपाळाला टेंगूळ यायचं. आणि मी ही अशी, पाच फुटांनाही कमीच. लग्नात हार घालताना त्यानं मान एवढी खाली घातली की मांडवात सगळे हसले. मला राग आला होता. त्यानं मात्र गळ्यात हार पडल्यावरही थोडा वेळ मान तशीच खाली ठेवली, लोकांचं हसून संपेपर्यंत. मग मलाही हसू आलं.

साखर कारखान्यात तो वेल्डर होता. ही गाडी त्यानं जुनी घेतली. त्यावर बसला की त्याचे गुडघे हँडलला लागायचे, म्हणून नेमूनं ती त्याच्या मापानं उंच करून दिली. दोघं शाळेपासूनचे मित्र. एका वर्षी कारखान्याचा हंगाम संपला आणि भैरू घरी बसला, तो बसलाच. झोप उडाली. बोलणं कमी कमी होत बंद झालं. जेवायला वाढलं तर ताटाकडं बघत राहायचा, जणू पुढं काय करायचं असतं ते कुणी सांगितलं तर जेवेल. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांनी महिना-दोन महिने बरं वाटलं, मग गोळ्या घेईना. आणि एके दिवशी सकाळी तो चालत घराबाहेर पडला. गाडी सोप्यात, किल्ली खिळ्याला. आम्हाला वाटलं, नदीकडं गेला असेल. तो परत आलाच नाही.

पुढची दोन वर्षं शोधण्यात गेली. नृसिंहवाडी, सौंदत्ती, गाणगापूर, गोकर्ण. कुणी म्हणालं, अमक्या मठात तसा माणूस बघितला, की मामा निघायचे. पोलिसात तक्रार होती. कुठल्या तरी जिल्ह्यात बेवारस प्रेत सापडलं आणि वर्णन जुळतंसं वाटलं की ठाण्यातून निरोप यायचा. तिथंही मामाच जायचे. गावचे कोतवाल म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. विहिरीत पडलेली, झाडाला लटकलेली माणसं त्यांनी पंचनाम्याला उतरवलेली होती. ते काम त्यांच्याशिवाय कुणी करावं असं घरात कुणाला सुचलंच नाही. परत आले की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या असायच्या. मामा बेड्याजवळूनच, म्हणजे अंगणाच्या फाटकापासूनच, म्हणायचे, “न्हवं.” तेवढा एक शब्द. मग आत्या आत जाऊन भाताचं आधण ठेवायच्या. असं चार-पाच वेळा तरी झालं.

मला मूलबाळ नव्हतं. भाऊ न्यायला यायचा. म्हणायचा, “रेणुका, किती दिवस बसणार हितं?” मी म्हणायची, “ते आले आणि घरात मी नसले तर?” भाऊ संध्याकाळच्या एसटीनं परत जायचा.

मग दूध संघानं बायकांना जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं काम शिकवायचं काढलं. गावात लोक तोंडावर पदर, टॉवेल धरून हसले. मामांनी मात्र माझं नाव दिलं. “जनावराचं काम हाय, त्यात लाजायचं काय,” म्हणाले. मी शिकले, काम मिळालं. गाय माजावर आली की लोक निरोप धाडायचे, आणि मला त्याच दिवशी पोचायला लागायचं. वाड्या सगळ्या डोंगरात, एसटी एक सकाळी नि एक संध्याकाळी. शिवाय नायट्रोजनचा जड डबा न्यायचा, ज्यात रेत गोठवून ठेवलेलं असतं. गाडीशिवाय जमणार नव्हतं. आणि गाडी तर घरात उभी होती.

शिकवली मामांनीच. खळ्यात गाडीबरोबर पळत पळत शिकवली. पण मी म्हणाले, “मामा, जरा बसकी करून घेऊ या का? पाय पोचत नाहीत,” तर त्यांनी मान हलवली. “गाडी त्याची हाय. त्यो आल्यावर काय सांगू त्याला?” मग बाजारातून जाड तळव्याचे पुरुषी बूट आणले आणि ते मला घालायला लावले. वर्षभर मी त्या बुटांवर काढलं. थांबायचं झालं की दगड किंवा रस्त्याची कड शोधायची आणि तिच्यावर पाय ठेवायचा.

त्या वर्षी पौषात पुन्हा एकदा पोलिसांचा निरोप आला. मामा गेले. दुसऱ्या दिवशी येतील म्हणून आम्ही वाट बघितली. ते तिसऱ्या दिवशी आले. “गाडी चुकली,” म्हणाले. दारात आत्या उभ्या होत्या, त्यांना “न्हवं” म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले. दगदग झाली असेल, असं मला वाटलं. एक गोष्ट तेवढी बदलली. दर अमावस्येला मामा भैरोबाच्या देवळात कौल लावायला जायचे, मुलगा येणार का म्हणून. ते जाईनासे झाले. आत्यांनी टोकलं तर म्हणाले, “गुडघं दुखत्यात.” देऊळ चार घरांपलीकडं होतं.

आणि चैत्रात मी पडले. धनगरवाड्याच्या उतरणीला पुढं म्हशी आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला, पाय खाली सोडला, आणि पायाखाली जमीन आलीच नाही. गाडी अंगावर आली. डब्याचं झाकण उडालं, आतला नायट्रोजन पांढरा धूर होऊन रस्त्यावर पसरला आणि संघाचा सगळा माल वाया गेला. कोपर सोललं ते वेगळंच. संघातला साहेब वाईट माणूस नव्हता. पण म्हणाला, “बाई, एक तर गाडी तुमच्या मापाची घ्या, नाही तर मला दुसरं माणूस बघायला लागेल.”

त्या संध्याकाळी आत्या माझ्या कोपराला हळद लावत होत्या. मामा समोर बसून बघत होते.

“उद्या नेसरीला जाऊ. नेमूकडनं गाडी बसकी करून आणतो,” ते म्हणाले.

आत्यांचा हात थांबला. “आणि त्यो आला म्हंजे?”

“आला म्हंजे बघू.”

आत्यांनी पुन्हा हळद लावायला सुरुवात केली. मी मामांकडं बघितलं. वर्षभर ज्या गोष्टीला मान हलवली, ती ते आज आपणहून म्हणत होते. मी मनात म्हणाले, माझं कोपर बघून त्यांना दया आली असेल.

तर असे आम्ही नेमूच्या गॅरेजात आलो होतो.

नेमूनं शेवटी पाना उचलला. मागचं चाक अधांतरी करून त्यानं दोन्ही शॉकअप सोडवले आणि त्यांच्या जागी एका लहान गाडीचे बसवले. पुढच्या बाजूला दोन्ही नळ्यांचे बोल्ट ढिले करून नळ्या वर सरकवल्या, तसं गाडीचं तोंड खाली आलं. मग सीट काढून कव्हर उलगडलं. आतला स्पंज मधोमध खोल दबलेला होता. बसून बसून माणसाचा आकार उमटतो तसा. नेमूनं त्यावर एकदा तळवा फिरवला आणि करवतीचं पातं घेऊन वरचा थर उतरवला. तो थर जमिनीवर पडला. मामांनी वाकून तो उचलला, आणि काय करायचं ते न सुचून शेजारी टायरवर ठेवला.

नेमूनं उंच शॉकअपची जोडी फडक्यानं पुसली. कोपऱ्यातून एक पोतं ओढून त्यात गुंडाळायला लागला. “हे नीट बांधून देतो, तात्या. माळ्यावर टाका, गंजायचं न्हाईत. भैरू आला की अर्ध्या तासात परत बसवतो.”

“नको,” मामा म्हणाले.

“काय नको?”

“घरला नको. तुझ्याकडंच ठेव. कुणाच्या गाडीला लागलं तर घाल.”

नेमूचे हात पोत्यातच राहिले. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मामांकडं बघितलं. मामा रस्त्याकडं बघत होते. समोरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज गेल्यावर नेमूनं पोतं बाजूला सरकवलं.

“आता स्टँड,” नेमू हळू आवाजात म्हणाला. “गाडी खाली आली, स्टँड लांब राहिला. असाच ठेवला तर गाडी पलीकडं कलंडंल. माझ्याकडं एक आखूड स्टँड पडलाय, जरा घासून बसवतो. हा जुना असू दे भैरूचा.”

“दुसरा कशाला? हाच काप.”

“कापला की कापला, तात्या. मग त्यो जोडला तरी पयल्यासारखा हुयाचा न्हाई.”

“मला कळतंय,” मामा म्हणाले. “काप.”

नेमूनं स्टँड शिकंज्यात धरला. खडूनं एक रेघ मारली आणि पुन्हा एकदा मामांकडं बघितलं. मामा उठून त्याच्याजवळ येऊन उभे राहिले होते. नेमूनं डोळ्यांवर चष्मा चढवला आणि मशीन सुरू केलं. ठिणग्या उडाल्या. मला मागं सरायला सांगितलं, पण मामा मागं सरले नाहीत. लोखंडाचा बोटभर तुकडा तुटून खाली पडला आणि गडगडत माझ्या बुटापाशी आला. मशीन बंद झालं तेव्हा नेमूनं चष्मा काढला नाही. तसाच पाठ वळवून तो पाना शोधत राहिला, आणि पाना तर त्याच्या समोरच होता.

मला तेव्हा काहीतरी कळलं होतं. पण ते शब्दांत येऊ नये म्हणून मी घाईनं बूट काढले आणि अनवाणीच गाडीवर बसले. दोन्ही पाय खाली सोडले. जमीन लागली. टाच, चवडा, सगळं पाऊल टेकलं.

“टेकली,” मी म्हणाले.

नेमूनं मान हलवली. निघताना तो मामांच्या पाया पडला. एरवी तो असा कधी पडायचा नाही.

परतीच्या वाटेवर मामा माझ्या मागं बसले. गाडी चालायला एकदम वेगळी लागत होती, जड आणि शांत. चढ संपून काजूची झाडं सुरू होतात तिथं मामांनी माझ्या खांद्याला हात लावला.

“थांब जरा.”

मी थांबले. दोन्ही पाय टेकले, गाडी जराही हलली नाही. मामा उतरले. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता, त्याला हात टेकून उभे राहिले. मी गाडी कापलेल्या स्टँडवर उभी केली.

“मामा, शॉकअप का देऊन टाकले?”

ते काजूच्या झाडांकडं बघत राहिले.

“मामा.”

“पौषात गेलो होतो, त्यो भैरूच होता,” ते म्हणाले.

हँडलवरचा हात मी काढला नव्हता, हँडल तसंच घट्ट धरून राहिले.

“विजापूरच्या अलीकडं एक देऊळ हाय. तिथल्या धर्मशाळेत. थंडीनं गेला म्हणाले. दाढी हितपर्यंत आल्याली. तोंडावरनं मला वळखता आलं न्हाई, पोरी. बापाला वळखता आलं न्हाई. मग म्हणालो, पाय दावा. पोटरीवर सायलेन्सरचा डाग होता.”

तो डाग मला माहीत होता. गाडी घेतली तेव्हा भाजलेलं ते. मीच त्यावर लोणी लावलं होतं.

“हाल झाले त्यांचे?” मी विचारलं.

“न्हाई वाटत. तिथली लोकं म्हणाली, वरीसभर तिथंच असायचा. बोलायचा न्हाई, पर सकाळी उठून देवळाचं आंगण झाडायचा. मग लोक भाकरी द्यायचे. अंगावर घोंगडं होतं. कुणीतरी घातल्यालं.” मामा थांबले. “तिथल्याच माणसांनी खांदा दिला. मी अग्नी दिला. बापानं ल्येकाला. रक्षा नदीत सोडली आणि आलो.”

“आणि आम्हाला नव्हं म्हणालात.”

“सांगायलाच आलो हुतो. सबंध वाटभर जुळवत आलो, कसं सांगायचं ते. बेड्याजवळ आलो तर ती दारात. मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, ‘त्यो न्हवं न्हवं?’ अशी म्हणाली, रेणू, की माझ्या तोंडातनं ‘न्हवं’ निघून गेलं. एकदा निघाल्यावर ते माघारी कसं घ्यायचं?”

“आणि मी? मी कोण होते?”

“तुला सांगायला पायजे हुतं.”

“पौषापासनं मी मेलेल्या माणसाची वाट बघतेय, मामा. भाऊ आला, त्याला माघारी लावला. कोण येणार म्हणून लावला? तुम्ही तिथंच बसला होता. ऐकत होता.”

“व्हय.”

“ऐकून गप बसलात.”

“व्हय,” मामा म्हणाले.

मला वाटत होतं, त्यांनी काहीतरी बाजू मांडावी, म्हणजे मला आणखी बोलता येईल. पण ते नुसते उभे होते. आयुष्यभर साहेबापुढं उभं राहायची सवय असलेल्या माणसासारखे, हात पुढं बांधून. मी रस्त्याच्या कडेला पाचोळ्यातच बसले. किती वेळ बसले, मला सांगता येणार नाही. रडू आलं नाही. डोक्यात एकच होतं, की तो अंगण झाडायचा. घरी असताना शेवटी शेवटी त्याला पाण्याचा तांब्या उचलणं जड झालं होतं, आणि तिथं तो रोज उठून अंगण झाडायचा. कुणीतरी त्याच्यावर घोंगडं घातलं. ते मी घालायला हवं होतं.

“काल तुझं कोपर बघितलं,” मामा म्हणाले, “आणि म्हणालो, मेल्या पोराच्या मापाची गाडी ठेवून ही जिती पोरगी मारतोय मी. तोंडानं सांगायला जमत न्हवतं. म्हणून नेमूकडं आणलं. वाटलं, तू आपणच वळखशील.”

“ओळखलं होतं,” मी म्हणाले.

“त्याच्या मरणाचा दाखला माझ्यापाशी हाय. तू आता मोकळी हाईस. माहेरी जा, दुसरं घर कर, मी सोडायला येतो. कोण काय बोलणार न्हाई, बोललं तर मी हाय. आणि तिला सांगायचं असंल तर तू सांग. माझ्यानं हुयाचं न्हाई.”

मी उठले, साडीला लागलेला पाचोळा झटकला. गाडी सुरू करताना माझं ठरलं होतं. घरी गेल्या गेल्या सांगायचं. कुणाला तरी रडायला मिळायलाच हवं, असं मला वाटत होतं. निदान त्याच्या आईला तरी. घर येईपर्यंत मी वाक्य जुळवत होते. मामांनी जुळवली असतील तशीच.

आत्या अंगणात होत्या. गाडीचा आवाज ओळखून आधीच बाहेर आल्या होत्या. मी गाडी उभी केली. त्या गाडीभोवती फिरल्या, वाकून चाकाकडं बघितलं, सीटवर हात ठेवला. पूर्वी सीट त्यांच्या कमरेच्या वर यायची.

“बसकी झाली की गं,” त्या म्हणाल्या. “बस बघू. पाय टेकून दाव.”

मी बसले. दोन्ही पाय टेकून दाखवले. त्यांनी माझ्या पावलाशी बसून टाचेखाली बोट घालून बघितलं, जात नाही म्हणून त्यांना हसू आलं. आत्यांना हसताना मी फार दिवसांनी बघत होते.

“आता पडायची न्हाईस,” त्या म्हणाल्या.

मग उभ्या राहिल्या. सीटवरून पुन्हा हात फिरवला.

“त्यो आला की परत उंच हुईल न्हवं?”

मामा माझ्या मागं होते. मला ते दिसत नव्हते. आत्या माझ्याकडं बघत होत्या. म्हातारीचे डोळे पिंगट होते, भैरूचे तसेच. जुळवलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं.

“होईल, आत्या,” मी म्हणाले. “नेमूनं सगळं नीट बांधून ठेवलंय. अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाला.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या.

मामा आत निघून गेले.

आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, असं मी धरून चालते. त्या असेपर्यंत मी ते घर सोडलं नाही. माहेरचे रागावले, मग येईनासे झाले. मी त्याच गाडीवर डोंगरातल्या वाड्या फिरले, तिकडच्या किती तरी गाईंच्या वासरांना लोक माझ्या नावानं ओळखतात. आत्या गेल्या, त्यांचं दहावं झालं, आणि नदीवरच मामांनी चार लोकांसमोर भैरूचं सांगितलं. पुढं माझं दुसरं लग्न त्यांनीच लावून दिलं. कन्यादानाला स्वतः उभे राहिले. शेवटी आजारी पडले तेव्हा माझ्याच घरी होते, आणि माझ्याच घरी गेले. आमच्यात भैरूचा विषय फारसा निघत नसे. निघाला तर आम्ही त्याच्या उंचीवर बोलायचो.

पण मी त्या संध्याकाळचं सांगत होते.

घरातलं माणूस गेल्याचं कळलं की अंगावर पाणी घ्यायचं असतं, डोक्यावरून. कितीही उशिरा कळलं तरी. मी नेसत्या लुगड्यानिशी परड्यात गेले. पिपातलं गार पाणी तांब्यानं डोक्यावर ओतून घेतलं. एक, मग दुसरा. तेवढ्यात आत्या मागच्या दारातून आल्या.

“अगं, तिन्हीसांजेला गार पाणी काय घेतीस? आणि केस कशाला भिजवलेस?”

“धूळ बसलीय सगळी,” मी म्हणाले.

“मग हाक मारायची.” त्या आत गेल्या आणि चुलीवरचं कढत पाणी घेऊन आल्या. बादलीत विसण घातलं, हात घालून ऊन बघितलं. माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. “बस खाली.”

मी दगडावर बसले. त्यांनी माझी वेणी सोडली, केस मोकळे केले आणि डोक्यावरून पाणी घालायला लागल्या. सावकाश, लहान पोराला घालतात तसं, दुसरा हात माझ्या कपाळावर आडवा धरून, पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून. मधेच उद्या कुठं जायचं विचारलं. मी वाडीचं नाव सांगितलं. तिथल्या कुणाची तरी म्हैस गाभण राहत नाही, तिचं आधी बघ म्हणाल्या. मी हो म्हणाले. मला जे काय रडायचं होतं ते मी त्या पाण्याखाली रडून घेतलं.

बादली संपली. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि थांबल्या.

“कपाळ धुऊन गेलं बघ,” म्हणाल्या.

आत जाऊन त्या करंडा घेऊन आल्या. मी उठून उभी राहिले होते. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, माझी हनुवटी धरून तोंड वर केलं.

“हलू नको,” त्या म्हणाल्या.

मी हलले नाही.